अ‍ॅपवर दुसऱ्याचाच पडदा : पतसंस्थांची अ‍ॅप्स बनवणाऱ्यांनी आपली स्क्रीन कशी राखायची?

तापीकाठचा
मंडळी, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात आता बऱ्याच पतसंस्थांनी सभासदांसाठी मोबाईल अ‍ॅप काढलं आहे. खात्यावरची शिल्लक, पिग्मीचा हिशोब, कर्जाचा हप्ता, पैसे पाठवणं असं सगळं त्यात असतं. ही अ‍ॅप्स बहुतेक आपल्यासारखी दोन-चार जणांची छोटी ऑफिसं बनवतात. मीही त्यातलाच. म्हणून हा धागा सगळ्यात आधी बनवणाऱ्यांसाठी आहे, वापरणाऱ्यांसाठी नंतर.

विषय ओव्हरले हल्ल्याचा. अँड्रॉइडमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या वर खिडकी काढायची परवानगी मिळू शकते. कॉल आला की नाव दाखवणारी पट्टी, मेसेंजरचे तरंगणारे गोल, रात्रीसाठी स्क्रीन पिवळसर करणारी अ‍ॅप्स, ही सगळी हीच परवानगी वापरतात. म्हणजे सोय खरी आहे. पण हीच परवानगी चोराच्या अ‍ॅपला मिळाली, तर तुमचं अ‍ॅप उघडताक्षणी तो त्यावर आपलं पान टाकतो. माणसाला वाटतं आपण पतसंस्थेच्या अ‍ॅपमध्ये पिन टाकतोय, प्रत्यक्षात पिन जातो दुसरीकडे.

रावेर-यावल भागातल्या एका केळी उत्पादकाच्या बाबतीत हेच झालं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीएम किसानच्या हप्त्याच्या नावाने एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायची फाईल, आली. त्यांनी ती बसवली, तिने मागितल्या त्या परवानग्या दिल्या. नंतर संस्थेचं अ‍ॅप उघडलं की 'सत्र संपले, पुन्हा पिन टाका' असं पान यायचं. वर संस्थेचं नाव आणि चिन्हही होतं. ते आणायला वेगळी मेहनत लागत नाही, फोनमध्ये बसलेल्या अ‍ॅपचं नाव आणि चिन्ह दुसऱ्या अ‍ॅपला वाचता येतं. केळीच्या कापणीचे पैसे नुकतेच जमा झाले होते, ते गेले. संस्थेत गेल्यावर त्यांना ऐकवण्यात आलं, 'तुम्हीच पिन दिला.'

मला हे उत्तर मान्य नाही. एपीके बसवायला नको होती हे खरंच. पण पिन टाकायच्या पानावर दुसऱ्याची खिडकी बसू देणारं अ‍ॅप आपण बनवलं, त्याची जबाबदारी कोणाची? अँड्रॉइडने गेल्या काही वर्षांत हे रोखायची साधनं दिली आहेत. ती वापरायला फार कोडही लागत नाही. तरी आपल्याकडची कितीतरी अ‍ॅप्स उघडून पाहिली की यातलं काहीच केलेलं नसतं.

आधी हल्ल्याच्या तऱ्हा वेगळ्या करू, कारण प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

पहिली तऱ्हा वर सांगितली तीच, पूर्ण खोटं पान. यात बोट तुमच्या अ‍ॅपपर्यंत पोचतच नाही.

दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण तिथे बटण खरं तुमचंच दाबलं जातं. चोराची खिडकी बोटाला अडवत नाही, फक्त डोळ्यांना फसवते. खाली तुमचं पान आहे, त्यावर लिहिलंय 'अमुक खात्यावर ४९,००० रुपये पाठवायचे का?' वर त्याने चित्र चिकटवलंय, 'अनुदान मंजूर झाले, पुढे जा.' बाजारात कापसाच्या काट्यावरच्या आकड्यावर कोणी कागद चिकटवावा आणि शेतकऱ्याची सही मात्र खऱ्या पावतीवर घ्यावी, तसा हा प्रकार.

तिसऱ्या तऱ्हेत खिडकी नसतेच. चोराचं अ‍ॅप सरळ आपलं वेगळं पान तुमच्या पानासमोर आणून उभं करतं. याबद्दल खाली चर्चेत बोलू.

आता इलाज. दुसऱ्या तऱ्हेसाठी 'फिल्टर टचेस व्हेन ऑब्स्क्युअर्ड' हा गुणधर्म अँड्रॉइड २.३ पासून, म्हणजे २०१० पासून आहे. व्ह्यूवर, म्हणजे स्क्रीनवरच्या बटण-रकान्यासारख्या घटकावर, तो लावला की जिथे बोट टेकलं तिथे वर दुसऱ्याची खिडकी असेल तर तो स्पर्श टाकून दिला जातो. पहिल्या तऱ्हेसाठी अँड्रॉइड १२ (२०२१) मध्ये 'हाइड ओव्हरले विंडोज' ही परवानगी आली. मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती आणि परवानग्या लिहायची फाईल) ती लिहायची आणि पिनच्या, पैसे पाठवायच्या पानावर 'सेट हाइड ओव्हरले विंडोज' खरं करायचं. ते पान समोर असेपर्यंत इतर अ‍ॅप्सच्या तरंगत्या खिडक्या सिस्टिमच लपवते. वापरणाऱ्याला काही विचारावंही लागत नाही.

तुमच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही काय केलंय? आणि कुठे अडलात? मोकळेपणाने लिहा.

पिंप्राळा_डेव्ह
चांगला विषय काढलास भो. आम्ही 'फ्लॅग सिक्युअर' लावलाय सगळ्या पानांना. तेवढ्याने भागत नाही का?

तापीकाठचा
नाही भाऊ. तो झेंडा (फ्लॅग) स्क्रीनशॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंग अडवतो. तोही हवाच, कारण चोराची अ‍ॅप्स स्क्रीन वाचायचाही प्रयत्न करतात. पण वर बसणाऱ्या खिडकीशी त्याचा काही संबंध नाही.

शिरपूरची_मुलगी
मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी याचीच चाचणी घेतेय. एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ब्लॉगांवर ती सहसा सुटलेली असते.

'फिल्टर टचेस व्हेन ऑब्स्क्युअर्ड' फक्त बोट टेकलं त्या जागेपुरतं बघतं. हल्लेखोर हुशार असेल तर तो तुमच्या बटणाएवढी जागा मोकळी सोडतो आणि बाकी सगळं झाकतो. रक्कम झाकलेली, खातेदाराचं नाव झाकलेलं, फक्त 'होय' उघडं. त्या बटणावर दुसऱ्याची खिडकी नाहीच, त्यामुळे स्पर्श आत जातो. अँड्रॉइड १२ ने अपारदर्शक खिडकीतून आरपार जाणारे परके स्पर्श आपणहून अडवायला सुरुवात केली (०.८ पेक्षा जास्त अपारदर्शक असेल तर), पण इथे स्पर्श आरपार जातच नाही, भोकातून जातो. म्हणून तो नियमही लागू होत नाही.

यावर अँड्रॉइड १० पासून 'विंडो इज पार्शली ऑब्स्क्युअर्ड' नावाचा वेगळा झेंडा, म्हणजे हो-नाही सांगणारी खूण, प्रत्येक स्पर्शासोबत येतो. आपली खिडकी दुसरीकडे कुठेही झाकलेली असली तरी तो लागतो. पण तो आपण स्वतः तपासावा लागतो, 'ऑन फिल्टर टच इव्हेंट फॉर सिक्युरिटी' ही पद्धत ओव्हरराइड करून, म्हणजे तिच्या जागी आपला कोड लिहून. आधीचा गुणधर्म लावला म्हणून हा आपोआप तपासला जात नाही.

तापीकाठचा
ताई, हा मुद्दा सोन्यासारखा आहे. यात माझी एक भर घालतो. नक्की करायच्या बटणावरच रक्कम आणि नाव लिहा. नुसतं 'होय' नको, '४९,००० रुपये पाठवा' असं. मग रक्कम झाकायची तर बटणच झाकावं लागेल आणि तिथे जुना गुणधर्मही त्याला पकडेल. बटण रुंद असेल तर त्याचाही एखादा कोपरा तो मोकळा सोडू शकतो, म्हणून ही पूर्ण तटबंदी नव्हे. पण गावात अँड्रॉइड ९ चे फोन अजून हातात दिसतात. तिथे हा नवा झेंडा नाही आणि खिडक्या लपवायची सोयही नाही. त्या लोकांसाठी एवढं तरी करता येतं.

पिंप्राळा_डेव्ह
आमचं अ‍ॅप फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या साधनात आहे. तिथे प्रत्येक बटणाला व्ह्यू नसतो, एकाच व्ह्यूवर सगळं रंगवलेलं असतं. मग हे लावायचं कुठे?

शिरपूरची_मुलगी
मेन अ‍ॅक्टिव्हिटीच्या कोटलिन फाईलमध्ये खिडकीच्या डेकोर व्ह्यूवर, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या व्ह्यूवर, लावा. सगळे स्पर्श तिथूनच आत येतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या तशाच साधनातही हेच. फक्त नेटिव्ह डायलॉग (अँड्रॉइडची स्वतःची विचारणा-पेटी) वापरत असाल तर त्याची खिडकी वेगळी असते, तिला मुख्य पानाचं लागू होत नाही. 'नक्की पाठवायचे का?' हे आपण नेमकं डायलॉगमध्येच विचारतो आणि तोच उघडा राहतो. तिथे पुन्हा लावायला विसरू नका.

नंदुरबारी_मिरची
मी सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवांचं केंद्र, चालवतो. कोडिंग मला कळत नाही, पण फोन रोज हातात येतात म्हणून लिहितो.

लोक माझ्याकडे येतात तेव्हा एकच प्रश्न असतो, 'काय व्हयनं भो?' फोन उघडून बघितला की पीएम किसान, आरटीओ चलन, बँक केवायसी, लग्नपत्रिका असल्या नावाची एपीके सापडते. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत येतात. हप्ता जवळ आला की ग्रुपवर या फायली फिरायला लागतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नपत्रिका. काढायला गेलं तर अ‍ॅप निघत नाही, सेटिंग उघडली की आपोआप मागे जाते. माणूस घाबरतो, त्याला वाटतं फोनच कोणाच्या तरी ताब्यात गेला.

तुम्ही बनवणारे लोक स्क्रीन राखा, चांगलंच आहे. पण एकदा हे अ‍ॅप आत बसल्यावर काय करायचं, हे मराठीत कुठेच नीट लिहिलेलं सापडत नाही.

तापीकाठचा
दादा, बरं झालं विचारलंत. सगळ्यांसाठीच लिहितो.

आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा. मग दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा आणि बँकेला किंवा संस्थेला कळवून खातं थांबवा. साफसफाई नंतर. हा क्रम उलटा झाला तर अ‍ॅप काढायच्या नादात वेळ जातो आणि पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. १९३० वर लवकर कळवलं तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता राहते.

सेटिंग आपोआप मागे जाते कारण त्या अ‍ॅपकडे अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी असते (दिव्यांगांच्या मदतीसाठी असलेली, स्क्रीन वाचू आणि दाबू देणारी), तेच तुमच्या वतीने 'मागे' दाबत असतं. फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये बंद करायचं बटण स्क्रीनवर आलं की ते दाबून धरलं की सेफ मोड विचारतो. त्यात बाहेरून बसवलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. मग अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनमधून त्याचं नाव काढा आणि अ‍ॅप उडवा. सगळे पिन, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला, याच फोनवरून नाही. शंका उरली तर फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा.

धुळेकर_वकील
कायद्याची बाजू थोडक्यात, कारण इथे पतसंस्थेचा विषय आहे आणि लोक बँक आणि पतसंस्था एकच धरतात.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या ऑनलाइन व्यवहारात त्याची जबाबदारी किती, याबद्दल. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला आलं. त्यांत नियम असा होता : दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत इतर कुठे आहे, आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. निष्काळजीपणा होता हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर.

पण पतसंस्था बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येते, तिच्यावर सहकार खात्याची देखरेख असते. हे परिपत्रक तिला लागू नाही. ठेवींना बँकेसारखं विम्याचं कवचही नाही. म्हणजे ज्या केळी उत्पादकाचं वर लिहिलंय, त्याच्या हातात बँकेच्या ग्राहकापेक्षा कमी साधनं आहेत. लेखी तक्रार आणि पोलीस नोंद मात्र लगेच करा आणि तक्रारीत 'माझ्या स्क्रीनवर खोटे पान आले' असं स्पष्ट लिहा. 'पिन दिला' असं लिहू नका, कारण ते खरं नाही.

तापीकाठचा
वकीलसाहेब, हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही ते पक्कं केलंत. जिथे नियमाचं कवच पातळ आहे तिथे अ‍ॅपचं कवच जाड हवं. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. मोठ्या बँकांच्या अ‍ॅपमध्ये यातलं बरंच असतं आणि पतसंस्थेचं अ‍ॅप सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याकडून करून घेतलं जातं.

पिंप्राळा_डेव्ह
मग सरळ असं का करू नये, कुठलीही अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवा चालू दिसली की अ‍ॅप उघडूच द्यायचं नाही. चोराची सगळी ताकद तिथूनच येते ना? माझं अ‍ॅप उघडलं हे त्याला तिथूनच कळतं. २०१७ मध्ये क्लोक अँड डॅगर नावाने जॉर्जिया टेक आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी जे दाखवलं, त्यात ओव्हरले आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या दोन परवानग्या एकत्र आल्या की फोन पूर्ण हातात येतो हेच होतं. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या खिडक्या सिस्टिम विश्वासू धरते, त्या हाइड ओव्हरलेनेही लपत नाहीत.

भुसावळ_जंक्शन
मी पूर्ण अंध आहे. फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचणाऱ्या सोयीवर, वापरतो आणि टॉकबॅक ही अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवाच आहे. तुम्ही सुचवताय ते एका अ‍ॅपने केलं तेव्हा माझे स्वतःचे पैसे बघायला मला दुसऱ्याच्या हातात फोन द्यावा लागला, पिनसकट. चोरापासून वाचवायच्या नावाखाली तुम्ही मला रोज कोणावर तरी भरवसा ठेवायला लावता. कृपा करून हे करू नका.

पिंप्राळा_डेव्ह
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, दादा. मग मधला रस्ता काय?

शिरपूरची_मुलगी
रस्ता आहे. अँड्रॉइड १४ (२०२३) मध्ये व्ह्यूला 'अ‍ॅक्सेसिबिलिटी डेटा सेन्सिटिव्ह' असं चिन्ह लावता येतं. मग ज्या सेवा दिव्यांगांसाठीचं साधन म्हणून जाहीर केलेल्या आहेत त्यांनाच तो व्ह्यू दिसतो आणि हाताळता येतो. टॉकबॅक चालतो, बाकीच्यांना तिथे काही सापडत नाही. प्ले स्टोअरच्या धोरणाप्रमाणे खरोखर त्या कामाच्या अ‍ॅपलाच तशी घोषणा करता येते. पिन आणि रकमेच्या रकान्यांना हे लावायचं.

शिवाय अँड्रॉइड १३ पासून एपीके फाईलमधून बसवलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी सहज देता येत नाही, आधी 'प्रतिबंधित सेटिंग' मुद्दाम उघडावी लागते. चोर आता फोन करून तीच पायरी करून घेतात. कोणी फोनवर बोलत बोलत ही सेटिंग उघडायला सांगत असेल तर फोन तिथेच ठेवायचा, हे नंदुरबारच्या दादांनी केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं.

आणि सर्व्हरकडूनही तपासता येतं. प्ले इंटेग्रिटी या गूगलच्या तपासणीच्या निकालात अ‍ॅप अ‍ॅक्सेस रिस्क नावाचा भाग मागता येतो. स्क्रीन टिपणारी, वर खिडकी काढणारी, फोन चालवू शकणारी अ‍ॅप्स सुरू आहेत का आणि ती प्ले स्टोअरची किंवा फोनसोबत आलेली आहेत की अनोळखी, एवढं त्यात कळतं. अनोळखी निघालं तर अ‍ॅप बंद करू नका. शिल्लक दिसू द्या, पैसे पाठवणं थांबवा.

रावेर_केळी
मी शेतकरी. सगळं वाचलं, अर्धं समजलं. माझा एक अनुभव आहे. एका अ‍ॅपमध्ये 'पुढे' बटण दाबतोय, दाबतोय, काहीच होत नाही. संदेश नाही, आवाज नाही. शेवटी मुलाने शोधलं की रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून मी स्क्रीन पिवळी करायचं अ‍ॅप घेतलं होतं, त्यामुळे बटण चालत नव्हतं. तुम्ही संरक्षण लावाल, पण आम्हाला सांगाल की नाही? नाहीतर आम्ही अ‍ॅप बिघडलं म्हणून सोडून देऊ.

तापीकाठचा
आबा, तुमची तक्रार अगदी बरोबर आहे. स्पर्श गुपचूप गिळून टाकणं हे अर्धवट काम झालं. स्पर्श टाकून दिला की त्याच क्षणी संदेश दिसला पाहिजे. वर कोणतं अ‍ॅप बसलंय त्याचं नाव अँड्रॉइड आपल्याला सांगत नाही, पण 'इतर अ‍ॅप्सवर दाखवा' या परवानगीची यादी आपल्या बटणावरून थेट उघडून देता येते. मी असा मजकूर लिहिलाय :

'तुमच्या स्क्रीनवर दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपची खिडकी आहे. म्हणून पैसे पाठवणे थांबवले आहे. तुमचे पैसे खात्यातच आहेत. खालचे बटण दाबा, यादीत जे अ‍ॅप तुम्ही स्वतः घेतलेले नाही ते बंद करा. समजले नाही तर शाखेत या, पिन कोणालाही सांगू नका.'

रावेर_केळी
चालेल. 'तुमचे पैसे खात्यातच आहेत' हे सगळ्यात वर घ्या. आधी तेच बघतो माणूस.

पिंप्राळा_डेव्ह
तिसऱ्या तऱ्हेचं राहिलं. स्ट्रँडहॉग या त्रुटीसारखं, डिसेंबर २०१९ मध्ये प्रोमॉन कंपनीने उघड केलं होतं ते.

तापीकाठचा
हो. त्यात चोराचं पान तुमच्याच अ‍ॅपच्या टास्कमध्ये (एकामागे एक उघडलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) घुसतं. मॅनिफेस्टमध्ये टास्क अ‍ॅफिनिटी (पान कोणत्या टास्कचं हे सांगणारी नोंद) रिकामी ठेवणं हा सोपा उपाय. स्ट्रँडहॉगच्या पुढच्या आवृत्तीवर मे २०२० च्या सुमारास सुरक्षा पॅच आला, अँड्रॉइड ८, ८.१ आणि ९ च्या फोनसाठी. अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपला आपलं पान पुढे आणायला मनाई आहे, पण ओव्हरलेची परवानगी असलेल्या अ‍ॅपला त्यातून सूट मिळते. म्हणून ती एक परवानगी फोनमध्ये कोणाकोणाकडे आहे हे बघत राहायचंच. आपल्या बाजूने एवढं करा : पिनचं पान 'ऑन पॉज'ला गेलं, म्हणजे समोरून हटलं, की रकाना रिकामा करा, आणि परत आल्यावर अर्धवट व्यवहार तसाच पुढे नेऊ नका, पहिल्यापासून विचारा.

पिनचे आकडे उलटसुलट मांडायची कल्पना कोणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. पूर्ण खोट्या पानासमोर तिचा उपयोग नाही, ते आकडे चोराचेच असतात. अंध माणसाला मात्र त्याचा जाच होतो.

भुसावळ_जंक्शन
धन्यवाद. तुमचा नवा बिल्ड (अ‍ॅपची चाचणी-आवृत्ती) तयार झाला की मला पाठवा, टॉकबॅकवर मी तपासून देतो. तो इशाऱ्याचा मजकूर दिसताक्षणी आपोआप वाचला गेला पाहिजे, बोटाने शोधावा लागायला नको. आणि बटणावर '४९,००० रुपये पाठवा' लिहिताय, त्यात ज्याला पाठवायचे त्याचं नाव रकमेच्या आधी घ्या. मी बऱ्याचदा पूर्ण वाक्य संपायच्या आत दाबतो.

तापीकाठचा
घेतो. नाव आधी, रक्कम नंतर. बिल्ड या आठवड्यात पाठवतो. शिरपूरच्या ताई, तुमचं बटण मोकळं सोडणारं चाचणी-अ‍ॅप मिळेल का? अँड्रॉइड ९, ११ आणि १४ अशा तीन फोनवर आधी त्यानेच मारून बघतो.

शिरपूरची_मुलगी
देते. पण गूगलचं प्ले प्रोटेक्ट हे तपासणी-साधन त्याला बसवू देणार नाही, वेगळ्या चाचणीच्या फोनवरच टाका. त्या फोनमध्ये खऱ्या खात्याचं सिम नको.